सनईचा आवाज टोचतो? माईक मागे घ्या, पण त्याआधी पट्टी बघा

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याजवळच्या गावात घराच्या माडीवर दहा बाय बारा फुटांच्या खोलीत स्टुडिओ केलाय. भिंतींना फोम, एसी, एक बऱ्यापैकी कंडेन्सर माईक. देवळात चौघड्याला सनई वाजवणारे काका, त्यांच्याबरोबर सूर्त, म्हणजे एकच स्वर अखंड देणारी साथीची सनई, धरणारा त्यांचा पुतण्या, पुढे बासरी आणि शंख, असं सगळं घेऊन आरत्या-अभंगांचा संच करायचाय. सनईचं पहिलं रेकॉर्डिंग झालं तर आवाज टोचतोय, मध्येच एखादा स्वर दुपटीने मोठा येतोय, आणि आधी करून ठेवलेल्या हार्मोनियमच्या ट्रॅकवर सनई बेसूर लागतेय. तर कुठला माईक घेऊ?

सध्या कुठलाच घेऊ नका. आहे तो पुरेसा आहे.

माईक सनईच्या पितळी तोंडासमोर वीतभर अंतरावर लावला होता, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक सगळे तिथेच लावतात, कारण ट्रंपेटला तसा लावलेला पाहिलेला असतो. ट्रंपेटचा सगळा आवाज पुढच्या तोंडातूनच येतो. सनईला बोटांची भोकं आहेत, आणि वाजणारा हवेचा खांब पहिल्या उघड्या भोकापाशीच जवळजवळ संपतो. स्वराचा मूळ भाग आणि त्याच्या लगतचे उपस्वर त्या भोकांतून बाहेर पडतात. अगदी वरची कंपनं मात्र उघड्या भोकांना दाद न देता नळीतून पुढे जातात आणि तोंडातून सरळ झोताने निघतात. सगळी भोकं बंद असली की सगळाच आवाज तोंडातून येतो. म्हणजे तोंडासमोरच्या माईकला खालचा स्वर भरभक्कम ऐकू येतो आणि बोटं उचलली की वरच्या स्वरांचा नुसता तीक्ष्ण भाग ऐकू येतो, त्यांचं अंग बाजूने निघून जातं. टोचणं आणि उसळणं या दोन्ही तक्रारी इथेच लागल्या. त्यात माणसाचा कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांत हळवा असतो, आणि सनईचा जोर नेमका तिथेच असतो.

दुसरी गोष्ट, काका डोलतात. सगळेच सनईवाले डोलतात, आणि त्यांना हलू नका म्हणून सांगणं म्हणजे वाजवू नका म्हणण्यासारखं आहे. माईक ३० सेंटीमीटरवर असेल आणि ते पुढेमागे १५-१५ सेंटीमीटर झुलले तर आवाजाच्या पातळीत साडेनऊ डेसिबलचा फरक पडतो. तोच माईक १२० सेंटीमीटरवर नेला तर त्याच झुलण्याने फरक पडतो जेमतेम दोन-सव्वादोन डेसिबलचा. कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावून जे तुम्ही नंतर दुरुस्त करत बसणार, ते माईक चार फुटांवर नेऊन फुकटात होतं.

तेव्हा माईकची जागा अशी घ्या. काका बसून वाजवत असतील तर त्यांच्यापासून चार-साडेचार फूट, माईकची उंची त्यांच्या हातांच्या थोडी वर, रोख बोटांच्या मधल्या भागावर. पितळी तोंडाची रेघ जिथे जाते तिथून तीस-चाळीस अंश बाजूला. मग एका कानात हेडफोन घालून, काकांना तीच ओळ परत परत वाजवायला सांगून, माईक हातात धरून इकडेतिकडे फिरवा. एक जागा अशी सापडते की मंद्रातला स्वर आणि तार सप्तकातला स्वर एकाच माणसाने वाजवल्यासारखे ऐकू येतात. तिथे स्टँड ठेवा. पुस्तकात लिहिलेल्या अंतरापेक्षा ही शोधाशोध महत्त्वाची, कारण प्रत्येक सनईची भोकं आणि प्रत्येकाची धरण्याची तऱ्हा वेगळी.

बसून वाजवताना सनईचं तोंड बऱ्याचदा खाली, जमिनीकडे झुकलेलं असतं, हे विसरू नका. आवाज फरशीवर आपटून माईककडे दुसऱ्यांदा येतो. सरळ येणारा आणि आपटून येणारा यांच्या वाटेत समजा ३४ सेंटीमीटरचा फरक असला, तर ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला, असं वरपर्यंत. 'नाकात वाजतंय' असं ज्याला आपण म्हणतो त्यात याचा मोठा वाटा असतो. तोंड जिथे रोखलंय तेवढ्याच जागेवर जाड जाजम दुमडून टाका. सगळ्या खोलीभर अंथरू नका, नाहीतर आवाज मेल्यासारखा होतो. काकांना उभं राहून वाजवायची सवय असेल, पालखीबरोबर चालत वाजवणाऱ्यांना ती असतेच, तर उभं राहू द्या. मग फरशीचा प्रश्न बराच मिटतो.

आता खोली. भिंतीला लावलेला एक इंच फोम फक्त वरची कंपनं खातो. दोन-तीनशे हर्ट्झच्या आसपासचा घुमारा तसाच राहतो, वरून दहा बाय बाराच्या खोलीत त्याला पळायलाही जागा नसते. गाणाऱ्याच्या जवळ माईक धरलात तर ही खोली चालेल. सनई ही देवळाच्या दारात, नगारखान्याच्या माडीवर बसून अख्ख्या वाड्याला ऐकू जावी म्हणून घडलेली आहे. तिच्या आवाजाला भोवताल लागतो. मंगेशीच्या किंवा म्हार्दोळच्या देवळात पहाटे सनई ऐकली असेल तर आठवून बघा, अंगणापलीकडून येणारा तो आवाज टोचत नाही. तुमच्या कानापर्यंत पोचेस्तोवर तो भिंतीवरून, दीपस्तंभावरून, आवारातल्या फरसबंदीवरून फिरून आलेला असतो, आणि झोताचा भाग तुमच्या डोक्यावरून निघून गेलेला असतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. सनई स्टुडिओत घेऊ नका. फोंडा महालात जुन्या चिरेबंदी घरांना तोटा नाही. राजांगण, म्हणजे मधोमध उघडं अंगण, असलेलं घर मिळालं तर त्याच्याभोवतीच्या वसरीत (ओसरीत) बसा. चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया, वर मंगळुरी कौलं, एका बाजूने उघडं राजांगण. अशा जागेत आवाज पसरतोही आणि अंगावरही येत नाही. लॅपटॉप, इंटरफेस, दोन स्टँड, एवढं सामान नेणं अवघड नाही. दुपारची वेळ धरा. सकाळी शेजारच्या वाड्यावर मासे विकणारीचा भोंगा असतो, संध्याकाळी कावळे आणि आरत्या. पावसाळ्यात मात्र कौलं विसरा. एक सर आली की टेक गेला, आणि पाऊस थांबल्यावर बेडूक सुरू होतात ते वेगळंच.

घर मिळालं नाही तर निदान खोलीचं दार उघडं ठेवून काकांना दारात बसवा आणि दुसरा माईक बाहेरच्या दिवाणखान्यात दहा फुटांवर ठेवा. फोम दोन भिंतींवरून काढून टाका. कोपऱ्यात गाद्यांच्या वळकट्या उभ्या करा, त्या फोमपेक्षा खालचा घुमारा बरा आवरतात.

नगारखान्यातच जाऊन रेकॉर्ड करू का, असंही तुम्ही विचारलंय. करता येईल, देवस्थान समितीला आधी विचारून. आवाज सुंदर मिळेल. पण त्यावर तुम्ही नंतर दुसरं काही चढवू शकणार नाही, कारण भाविकांच्या घंटा, पारवे, आवारातल्या बसचा रिव्हर्स हॉर्न सगळं त्यात येणार. नुसता चौघडा जतन करायचा असेल तर तिथेच जा. अभंगाच्या मागे सनई हवी असेल तर नको.

बेसूर लागण्याचं बोलू. यात काकांचा काही दोष नाही, आणि पिच दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर सनईला लावायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या. मींड आणि गमक त्याला चूक वाटते, ते तिचे तुकडे करून जवळच्या स्वरावर बसवतं. जे ऐकायला आपण सनई घेतो तेच निघून जातं.

कारण हवेत आहे. हवा जितकी गरम तितका आवाजाचा वेग जास्त, आणि नळीच्या वाद्याचा स्वर त्याच प्रमाणात चढतो. दर अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. बाहेर ३१ अंश, तुमच्या खोलीत एसीने २२, म्हणजे ९ अंशांचा फरक, म्हणजे २७ सेंट, पाव अर्धस्वराहून थोडं जास्तच. श्वासाने नळी आतून गरम होते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी पडतो, पण तो स्थिरही राहत नाही. पहिल्या टेकला सनई उतरलेली, पाचव्या टेकला चढलेली, मध्ये चहा झाला की परत उतरलेली. हार्मोनियमच्या धातूच्या पट्ट्यांना मात्र या ९ अंशांचं काही वाटत नाही. काळी एक, म्हणजे २७७ हर्ट्झ धरली, तर २७ सेंट म्हणजे चार-सव्वाचार हर्ट्झ. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारदा आवाज थरथरतो. तुम्हाला 'बेसूर' ऐकू आलं ते हे.

यावर उपाय म्हणजे कामाचा क्रम उलटा करायचा. हार्मोनियमवर गाणं बांधून मग सनई बसवू नका. आधी काकांना बोलवा, १५ मिनिटं त्यांना मनासारखं वाजवू द्या, सनई तापली की षड्ज मोजा. तो काळी एकच्या आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी निघेल. सनई घडवणाऱ्याने ती ४४० हर्ट्झच्या धैवताकडे बघून घडवलेली नसते. जो निघेल तो षड्ज, त्यावर इलेक्ट्रॉनिक तानपुरा बारीक लावून घ्या, कीबोर्डचं ट्यूनिंग तेवढे सेंट सरकवा, आणि हार्मोनियम वाजवायचीच असेल तर तिचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये हलवा. वीस-तीस सेंट हार्मोनियम हलवली तर कुणाच्या बापाला कळत नाही. सनई हलवली तर काकांच्या पहिल्या वाक्यात कळेल. एसी सकाळीच लावून खोली २६-२७ अंशांवर आणा आणि टेक घेताना बंद ठेवा. आवाजासाठी तो बंद करावाच लागतो, त्यात हेही साधतं.

तुम्ही विचारलं नाही, पण सगळ्यांत जास्त फरक पडतो तो पत्तीने. सनईच्या गळ्याला दोऱ्याने दोन-चार जादा पत्त्या आणि एक सळई लटकत असते, ती शोभेसाठी नव्हे. काका आले की आधी काय करतात ते नीट बघा. पत्ती तोंडात धरून ओठांनी ओली करतात, नळीवर बसवतात, एक फुंकर, परत काढतात, सळई आत घालून तिचं तोंड अगदी कणभर उघडतात, बोटांनी दाबून मिटवतात, परत फुंकर. कोरडी पत्ती घट्ट मिटते, फुंक जास्त लागते, आवाज किरटा होतो. फार भिजली की ढिली पडते आणि स्वर खाली बसतो. आपल्याकडची हवा ओलसर, पत्ती त्या हवेला सरावलेली. ती घेऊन माणूस एसीच्या कोरड्या खोलीत आला की दोन अभंगांच्या मधल्या वेळात ती सुकते. तेव्हा हातात घड्याळ घेऊन बसू नका. पत्ती जमेपर्यंत गप्प राहा. आणि नवी पत्ती लावायला सांगू नका. नव्या पत्तीचा आवाज कडक असतो. रोजच्या पूजेला वाजवून मुरलेली पत्ती कुठली, ते त्यांना माहीत असतं. 'जरा मवाळ हवं' एवढंच म्हणा, ते दुसरी पत्ती काढतील. तुमच्या इक्वलायझरने जे होणार नाही ते तिथे होतं.

सूर्त वेगळी रेकॉर्ड करायचा मोह टाळा. पुतण्या गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, तो एक स्वर अखंड धरतो, आणि काका त्याच्या कानाशी कान लावून सूर बेततात. सनई चढली की सूर्तही तिच्याबरोबर चढते. वेगळी घेतलीत तर ही जोडी तुटते, आणि मग दोन स्वच्छ ट्रॅक हाताशी येतात जे एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांना देवळात बसतात तसंच शेजारी बसवा. एकच माईक. काका चार फुटांवर असतील तर पुतण्या सहा फुटांवर, म्हणजे सूर्त साडेतीन डेसिबल मागे जाते. अजून मागे हवी तर त्याला अर्धा फूट सरकवा. फेडरचं काम बसायच्या पाटाने करायचं. समेळ (आपल्याकडचं तालवाद्य) किंवा नगारा बरोबर हवा असेल तर कार्डिऑइड माईकच्या पाठीमागे, आठ-दहा फुटांवर. तिथे त्याला सगळ्यांत कमी ऐकू येतं.

हेडफोनचं म्हणाल तर सनई वाजवताना माणसाला स्वतःचा आवाज दातांतून, जबड्याच्या हाडांतून ऐकू येत असतो. त्यात दोन्ही कानांवर हेडफोन घातले की बाहेरचा सूर कळेनासा होतो. एकच कान झाका, दुसरा मोकळा. क्लिक देऊ नका. मेट्रोनोमच्या टिकटिकीवर देवळातला माणूस वाजवू शकतो, पण वाजवताना अवघडतो, आणि तो टिकटिक आवाज शांत जागी माईकमध्ये उतरतो. समेळवाल्याकडून ठेका धरून घ्या, तोच लयीचा आधार. ठेका दोन मात्रा पुढेमागे झाला तर झाला, गाणं त्यावर बसवा.

गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना काका चाचणीला जेवढं वाजवतात त्याच्यापेक्षा खरं वाजवताना जास्त फुंकतात, हे लक्षात घ्या. तार सप्तकातली एक जोरकस तान मागून घ्या आणि तिचा शेंडा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. २४ बिटमध्ये एवढी मोकळी जागा सोडली तर काही बिघडत नाही. माईकला पॅडचं, म्हणजे आवाज कमी घेण्याचं, बटण असेल तर दाबा.

माईक घ्यायचाच असेल पुढेमागे, तर सनईसाठी रिबन माईक. वरची धार तो जात्याच कमी घेतो, आणि आठच्या आकड्यासारखा ऐकत असल्याने समेळ त्याच्या कुशीला बसवला की जवळजवळ गायब होतो. मात्र जुन्या रिबनला ४८ व्होल्टचा फँटम (तारेतून माईकला जाणारा वीजपुरवठा) चुकूनही जाऊ देऊ नका, आणि बासरीच्या फुंकेच्या वाटेत तो धरू नका. पातळ पट्टी असते ती, वाऱ्याने ताणली जाते. रिबन नाही, पण एखादा साधा डायनॅमिक पडून असेल तर तोही सनईला लावून बघा. अडीच फुटांवर तो महागड्या कंडेन्सरपेक्षा सुखद लागतो असा माझा अनुभव आहे.

बासरीचा हिशोब उलटा. सनईत आवाज जास्त, बासरीत फुंक जास्त. बासरीचा आवाज दोन जागांहून येतो, फुंकण्याच्या भोकातून आणि पहिल्या उघड्या भोकांतून. श्वासाचा फर्राटा मात्र ओठांसमोर, किंचित खाली. म्हणून माईक समोर न धरता वरून धरायचा. वादकाच्या भुवईच्या उंचीवर, एक-सव्वा फुटावर, रोख खाली, फुंकण्याचं भोक आणि पहिली तीन भोकं यांच्या मध्ये. फुंक माईकच्या खालून निघून जाते. पन्नालाल घोष यांनी प्रचारात आणलेली लांब बासरी असेल तर माईक अजून अर्धा फूट मागे, नाहीतर तळाकडच्या भोकांचे स्वर लांबून आल्यासारखे वाटतात.

पांढरी तीनच्या बासरीचा सगळ्यांत खालचा स्वर मंद्र पंचम, साधारण २४७ हर्ट्झ. सातवं भोक असेल तर तीव्र मध्यम, २३३. त्याच्या खाली बासरी काही बोलतच नाही. तेव्हा १२० हर्ट्झच्या खालचं बिनधास्त कापून टाका, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या टिप्परची धडधड त्यात जाते. श्वास मात्र कापू नका. दोन ओळींमधला श्वास गेट (हलका आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावून पुसलात तर बासरी यंत्राने वाजवल्यासारखी होते. कंप्रेसर लावलात तर तो श्वास आणि बोटं घासल्याचा आवाज वर आणतो, म्हणून हाताने फेडर हलवा. आणि बासरीवाल्याची बासऱ्यांची पेटी एसीच्या झोतासमोर ठेवू नका. सुकून तडा गेला की ते वाद्य संपलं, दोऱ्याचे वेढे किती पुरणार.

शंखाला फार वेळ लागत नाही. दोन मीटरवर माईक, शंखाच्या तोंडासमोर नव्हे तर बाजूला, पॅड दाबलेलं, गेन अगदी कमी. राजांगणातच घ्या. फुंकून झाल्यावर आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी पाय हलवू नये. शंखाला बोटांची भोकं नाहीत, त्याचा स्वर त्याच्या आकाराने ठरलेला. म्हणून एकच शंख घेऊन तो सॉफ्टवेअरने गाण्याच्या पट्टीत ओढण्यापेक्षा, ओळखीच्या दोन-चार घरांतले देवघरातले शंख वाजवून बघा आणि षड्जाच्या किंवा पंचमाच्या जवळचा निवडा. थोडासा चढा असेल तर वाजवणाऱ्याला शंखाच्या तोंडात बोटं किंचित आत घालायला सांगा, स्वर उतरतो. शिंग किंवा कर्णा आणलात तर तोही शंखासारखाच, फक्त मोकळ्या अंगणात आणि अजून दूर.

आपल्याकडच्या हवेबद्दल थोडं. जून ते सप्टेंबर माईक कपाटात नुसता ठेवला तर जाळीवर बुरशी येते, आणि कंडेन्सरच्या कॅप्सूलवर दमट थर बसला की तडतड सुरू होते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, गोळ्यांचा रंग बदलला की भाजून परत घाला. गार खोलीतून माईक काढून एकदम दमट वसरीत नेलात तर त्यावर पाणी साचतं. तासभर पेटीतच बाहेरच्या हवेला येऊ द्या, मग लावा. बाहेर जाऊन काम करायचं जास्त ठरलं तर सेनहायझरच्या एमकेएच जातीचे माईक ओलाव्याला भीक घालत नाहीत, पण ते भाड्याने घ्या, विकत घेऊ नका. लॅपटॉप टेक चालू असताना बॅटरीवर ठेवा, ५० हर्ट्झची गुणगुण बरीच जाते, आणि लाईट गेली तर टेक वाचतो.

वेळेचं एक अवघड आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, जत्रा, मग शिगमा, काकांना फुरसत मिळणार नाही. फुरसत असते ती आषाढात, आणि तेव्हा पाऊस. मी स्वतः चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस बघतो. पाऊस ओसरलेला असतो, घरं स्वच्छ असतात. दिवसातली वेळ देवळाच्या पूजेवरून ठरते, सकाळची आटोपून ते अकराला येतील आणि संध्याकाळच्या आधी त्यांना परत जायचं असेल. तेवढ्यात दोन अभंग धरा, तीन नको. ओठ थकले की सूर सुटतो, आणि ते तोंडाने थकलोय म्हणणार नाहीत.

मिक्समध्ये फार काही करू नका. सनईला १५० हर्ट्झच्या खाली काप, ३ हजारच्या आसपास रुंद असा दोन-अडीच डेसिबलचा उतार, वर काहीही चढवायचं नाही. वसरीत घेतली असेल तर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लागणारच नाही. स्टुडिओत घेतली असेल तर २०-३० मिलिसेकंद उशिरा सुरू होणारा, छोट्या सभागृहाचा द्या. देवळाचा म्हणून जो मोठा रिव्हर्ब मिळतो तो चर्चचा असतो, आपली देवळं इतकी घुमत नाहीत. आवाज गायकाच्या मागे ठेवा. वाटतं त्यापेक्षा तीन डेसिबल मागे. सनई मागे ठेवली तरी ऐकू येतेच.

शेवटचं, कागदपत्र. तुम्ही हे प्रसिद्ध करणार असाल, त्यातून पैसे येवोत न येवोत, तर काका आणि पुतण्या दोघांचीही लेखी संमती घ्या, मराठीत, त्यांना वाचून दाखवून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला त्याच्या सादरीकरणाचा हक्क ५० वर्षं आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातल्या मानधनावरही त्याचा हक्क सांगितलेला आहे. आरतीचे शब्द जुने असले तरी चाल कुणा हयात संगीतकाराची असू शकते, तेही विचारून घ्या. मानधन त्याच दिवशी, घरी जाताना हातात. आणि श्रेयनामावलीत सूर्त धरणाऱ्याचं नाव सनईच्या नावाखाली, वेगळ्या ओळीत.